रक्तातील मेदद्रव्ये, लिंगभेद व धूम्रपान : एका तक्त्याचे परीक्षण

जीवरसायन, शरीरक्रियाशास्त्र व प्रतिबंधक वैद्यक या विषयांच्या प्रबंधिकांतून एक तक्ता इतक्या वेळा भेटतो की, त्याची वेगळी ओळख करून देण्याचे वस्तुतः कारण नाही. आडव्या ओळींत पुरुष व स्त्रिया. त्यांच्या पोटात धूम्रपान करणारे व न करणारे असे दोन गट. उभ्या रकान्यांत एकूण कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइडे, कमी घनतेच्या मेदप्रथिनांतील कोलेस्टेरॉल (एलडीएल) व अधिक घनतेच्या मेदप्रथिनांतील कोलेस्टेरॉल (एचडीएल). प्रत्येक चौकटीत सरासरी, तिच्या शेजारी प्रमाण विचलन, आणि जेथे फरक लक्षणीय ठरला तेथे एक तारका. या तारकांच्या बळावर शेवटच्या प्रकरणात असे लिहिले जाते की, धूम्रपानामुळे मेदद्रव्यांत प्रतिकूल बदल होतात, स्त्रियांना निसर्गाने या बाबतीत संरक्षण दिलेले आहे, आणि धूम्रपानाने हृदयविकार का जडतो याचा उलगडा यावरून होतो.

प्रस्तुत लेखकाचा आक्षेप आकड्यांवर नाही. आकडे बहुधा खरे असतात. प्रयोगशाळेतील विद्यार्थी प्रामाणिकपणे मोजमाप करतो. आक्षेप आहे तो वाचनावर. या तक्त्यातून काढली जाणारी तीन विधाने एकाच दर्जाची नाहीत. पहिले खरे आहे, दुसरे अर्धवट खरे आहे, आणि तिसरे तर या तक्त्यातून निघतच नाही. शिवाय आपल्याकडे ‘धूम्रपान न करणारी स्त्री’ ही जी चौकट मांडली जाते, तिच्या आत नेमके कोण बसलेले असते, हा प्रश्न विचारण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

स्त्री-पुरुषांच्या मेदद्रव्यांतील फरकाचा शोध जुना आहे. १९५१ साली न्यूयॉर्क येथे बार, रस व एडर यांनी निरोगी तरुण स्त्रियांच्या रक्तात, समवयस्क पुरुषांच्या मानाने, आज आपण ज्याला एचडीएल म्हणतो तो अंश अधिक असतो असे दाखवून दिले. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्यांत तो कमी असतो हेही त्यांच्या ध्यानात आले होते. ही निरीक्षणे पुढे पाव शतक जवळजवळ अडगळीत पडली. फ्रॅमिंगहॅम येथील अभ्यासाने १९७७ मध्ये, ४९ ते ८२ वर्षे वयाच्या २,८१५ स्त्री-पुरुषांच्या आधारे, एचडीएल जितके कमी तितका हृदयविकाराचा धोका अधिक असे प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे त्यांना पुन्हा उजेड दिसला. फ्रॅमिंगहॅमची एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. १९४८ साली सुरू झालेल्या त्या अभ्यासातील ५,२०९ व्यक्तींपैकी निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. त्या काळात हे अपवादात्मकच होते. कीझ यांच्या सात देशांच्या अभ्यासात १२,७६३ माणसे होती व ती सर्व पुरुष. १९८४ साली ज्या चाचणीने कोलेस्टेरॉल उतरविल्यास हृदयविकार उतरतो हे प्रथम निर्विवादपणे दाखविले, तिच्यातील ३,८०६ जणही पुरुषच. ‘स्त्रियांना संरक्षण आहे’ हे वाक्य ज्या काळात रूढ झाले, त्या काळात स्त्रियांना मोजण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नव्हते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

आता लिंगभेदाकडे पाहू. मुलगा व मुलगी यांच्या रक्तातील एचडीएल वयात येईपर्यंत जवळपास सारखेच असते. त्यानंतर फरक पडतो. पण तो कसा पडतो? सामान्य समजूत अशी की, मुलींचे एचडीएल स्त्रीसंप्रेरकामुळे चढते. प्रत्यक्षात मुलांचे एचडीएल पुरुषसंप्रेरकाच्या प्रभावाखाली खाली येते आणि मुलींचे बहुतांशी होते तेथेच राहते. म्हणजे वेगळी वाट धरतो तो पुरुष. तरीसुद्धा आपण पुरुषाला सर्वसामान्य मानून स्त्रीला ‘संरक्षित’ असे विशेषण लावतो. हा भाषेचा दोष विचारात कसा उतरतो, त्याचे हे एक चांगले उदाहरण होय. प्रौढपणी हे अंतर दर डेसीलिटरला सुमारे १० मिलिग्रॅम राहते. एलडीएलची कथा निराळी. मध्यम वयापर्यंत ते पुरुषांत अधिक असते. ऋतुनिवृत्तीच्या सुमारास स्त्रियांत ते झपाट्याने चढते आणि साधारणतः पन्नाशीनंतर पुरुषांना मागे टाकते. अमेरिकेतील १,०५४ स्त्रियांच्या पाठपुराव्यावरून २००९ साली असे प्रसिद्ध झाले की, ही चढ वयाबरोबर हळूहळू होत नाही. अखेरच्या ऋतुस्रावाच्या आगेमागे वर्षभरात ती एकवटलेली असते.

तेव्हा ‘स्त्री’ हा सांख्यिकीच्या अर्थाने एक गट नव्हे. ज्या प्रबंधिकेत तीस ते साठ वयाच्या स्त्रिया एका ओळीत घालून त्यांच्या एलडीएलची सरासरी काढलेली असते, ती सरासरी दोन भिन्न समूहांच्या मधोमध पडते व कोणत्याच समूहाची नसते. तिची पुरुषांच्या सरासरीशी तुलना करून ‘लिंगभेदाचा परिणाम आढळला नाही’ असा निष्कर्ष निघालेला प्रस्तुत लेखकाने परीक्षक या नात्याने एकाहून अधिक वेळा वाचला आहे. परिणाम नव्हता असे नाही. तो अर्ध्या स्त्रियांत एका दिशेने व उरलेल्यांत दुसऱ्या दिशेने होता, आणि बेरजेत हरवला.

मर्यादेच्या आकड्यांनी आणखी एक गंमत केली आहे. पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० मिलिग्रॅमच्या खाली गेलेले एचडीएल ‘कमी’ मानावे, असा संकेत चयापचय-विकारसमुच्चयाच्या व्याख्येमुळे सर्वत्र रूढ झाला. दोघांच्या स्वाभाविक अंतराची दखल त्यात घेतली आहे, हे ठीकच. परंतु त्याचा परिणाम असा की, ज्या समाजात स्त्री-पुरुषांतील अंतर दहाहून थोडेसुद्धा कमी आहे, तेथे सरासरीने अधिक एचडीएल असलेल्या स्त्रियाच ‘कमी एचडीएल’च्या टक्केवारीत पुरुषांच्या पुढे जातात. एकाच प्रबंधिकेच्या एका पानावर स्त्रिया सुरक्षित व पुढच्या पानावर अधिक संकटात, असे दृश्य त्यातून उभे राहते आणि लेखकाला त्यातील विसंगती जाणवतही नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड व चंदीगड येथील २,०४२ जणांच्या रक्ताची तपासणी होऊन २०१४ साली जो अहवाल आला, त्यात ७२.३ टक्के लोकांचे एचडीएल या मर्यादांखाली होते. चारांपैकी तिघे जेथे ‘विकृत’ ठरतात, तेथे ही मर्यादा माणसामाणसांत भेद करण्याच्या कामी फारशी येत नाही, एवढे तरी मान्य करावयास हवे.

धूम्रपानाच्या बाबतीत पुरावा अधिक स्वच्छ आहे. क्रेग, पॅलोमाकी व हॅडो यांनी १९८९ मध्ये ५४ प्रसिद्ध अभ्यासांचे एकत्रीकरण केले. धूम्रपान न करणाऱ्यांच्या तुलनेने करणाऱ्यांत एकूण कोलेस्टेरॉल ३.० टक्क्यांनी, ट्रायग्लिसराइडे ९.१ टक्क्यांनी व एलडीएल १.७ टक्क्यांनी अधिक, तर एचडीएल ५.७ टक्क्यांनी कमी आढळले. आणि ओढण्याचे प्रमाण जसे वाढते तसा फरकही वाढत जातो. कारणपरंपराही बऱ्याच अंशी ज्ञात आहे. निकोटिनाने अॅड्रिनलिनसदृश द्रव्ये रक्तात उतरतात; त्यांच्या प्रेरणेने चरबीच्या पेशींतून मुक्त मेदाम्ले सुटतात; यकृत त्यांपासून अतिअल्प घनतेची मेदप्रथिने बनवून रक्तात सोडते, आणि ट्रायग्लिसराइडे वाढतात. ही वाढली की एचडीएल घटते. अमेरिकेत १,५०४ धूम्रपान करणाऱ्यांवर झालेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांनी वर्षभर सोडले त्यांचे एचडीएल वजन वाढूनसुद्धा सुमारे २.४ मिलिग्रॅमने चढले, स्त्रियांत अधिक चढले. एलडीएलमध्ये मात्र म्हणण्याजोगा फरक पडला नाही. जे सोडल्यावर परत येते ते ओढल्यामुळे गेले होते, असे म्हणण्यास हा चांगला आधार आहे.

येथे दोन सावधगिऱ्या. मद्याने एचडीएल वाढते. ज्या समाजात धूम्रपान व मद्यपान एकाच बैठकीला होते आणि ती बैठक पुरुषांची असते, तेथे विडीने उतरविलेले एचडीएल ग्लासाने चढविलेले असू शकते. मद्याची नोंद न करता पुरुषांतील ‘धूम्रपानाचा परिणाम’ मोजणे हे दोन माणसांना एका तराजूत उभे करून एकाचे वजन सांगण्यासारखे आहे. दुसरी गोष्ट एलडीएलविषयी. आपल्या बहुतेक प्रयोगशाळांत ते मोजले जात नाही. फ्रीडवाल्ड यांच्या १९७२ च्या सूत्राने, एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल व ट्रायग्लिसराइडांचा पाचवा हिस्सा वजा करून, ते काढले जाते. ज्या गटात ट्रायग्लिसराइडे अधिक, त्या गटाचे एलडीएल या वजाबाकीत कमी दिसण्याकडे कल असतो. त्यामुळे तक्त्यातील चार रकाने हे चार स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. तिघांच्या जबानीवरून चौथ्याची जबानी लिहून काढलेली असते.

यानंतर मुख्य प्रश्नाकडे यावयास हरकत नाही. धूम्रपानाने मेदद्रव्ये बिघडतात हे खरे. पण त्या बिघाडाने धूम्रपानाचा घात समजतो काय? हिशेब करून पाहावा. पुरुषाचे सरासरी एचडीएल ४५ धरले, तर ५.७ टक्के म्हणजे अडीच मिलिग्रॅम. स्त्रीचे ५५ धरले, तर तीन मिलिग्रॅमहून थोडे अधिक. अमेरिकेतील चार अभ्यासांच्या १९८९ च्या एकत्रित विश्लेषणानुसार दर मिलिग्रॅममागे हृदयविकाराच्या धोक्यात पुरुषांत २ व स्त्रियांत ३ टक्के फरक पडतो. म्हणजे एचडीएलच्या वाटेने पुरुषाचा धोका ५ टक्क्यांनी व स्त्रीचा ९ टक्क्यांच्या आसपास वाढला. एकूण कोलेस्टेरॉल ३ टक्क्यांनी अधिक. एक टक्क्यास दोन टक्के हा जुना ठोकताळा लावल्यास आणखी ६ टक्के. सगळे उदारपणे धरूनही पंधराच्या पुढे फारसे जाता येत नाही. याउलट, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत समालोचनात दिवसाला वीस सिगारेटी ओढणाऱ्या पुरुषाचा धोका २.०४ पट व स्त्रीचा २.८४ पट आढळला. शंभर ते एकशे चौऱ्याऐंशी टक्क्यांच्या वाढीपैकी पंधरा टक्क्यांचा हिशेब मेदद्रव्ये देतात. उरलेले कोठे गेले? ते रक्तबिंबिकांच्या चिकटपणात, फायब्रिनोजेनच्या वाढीत, रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराच्या हानीत, हिमोग्लोबिनला जखडणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडमध्ये शोधले पाहिजे. आणि यांपैकी एकही गोष्ट आपल्या तक्त्यात नसते.

त्याच समालोचनातील दुसरी जोडी अधिकच बोलकी आहे. दिवसाला केवळ एक सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाचा धोका १.४८ पट व स्त्रीचा १.५७ पट. वीस सिगारेटींच्या जादा धोक्याचा पुरुषांत जवळजवळ अर्धा भाग पहिल्या एका सिगारेटीतच पदरात पडतो. मेदद्रव्यांतील फरक मात्र ओढण्याच्या प्रमाणात पायरीपायरीने वाढतो. दोन रेषांचे आकार असे भिन्न असताना एक रेषा दुसरीचे कारण आहे असे म्हणणे अवघड आहे. ‘थोडेच ओढतो, आणि कोलेस्टेरॉलही ठीक आहे,’ असे सांगणाऱ्या गृहस्थाला आपला तक्ता उत्तर देऊ शकत नाही. उलट, तो तक्ता त्याच्याच बाजूने साक्ष देतो.

सरासरीतील फरकालाच कारण समजण्याची किंमत वैद्यकाने पूर्वी मोजलेली आहे, आणि तीही लहान नव्हे. स्त्रियांना हृदयविकार उशिरा होतो. स्त्रियांत स्त्रीसंप्रेरक असते. त्याने एचडीएल वाढते व एलडीएल उतरते. तेव्हा स्त्रीसंप्रेरक द्यावे, ही विचारमालिका इतकी सुबक होती की, अमेरिकेत प्रथम ते हृदयविकार झालेल्या पुरुषांनाच देऊन पाहण्यात आले. मोठी मात्रा १९७० साली व लहान मात्रा १९७३ साली, लाभ न दिसता उलट अपाय दिसू लागल्याने, बंद करावी लागली. तरीही विश्वास ढळला नाही. पुरुषांत चालले नाही, स्त्रियांत चालेल असे मानले गेले. १९९८ साली हृदयविकार असलेल्या २,७६३ ऋतुनिवृत्त स्त्रियांवरील चाचणीचे फलित आले. संप्रेरकाने एलडीएल ११ टक्क्यांनी उतरले, एचडीएल १० टक्क्यांनी चढले; तक्ता अगदी मनासारखा जमला; आणि हृदयविकाराच्या घटनांत फरक शून्य. २००२ मध्ये १६,६०८ स्त्रियांवरील मोठी चाचणी मुदतीपूर्वी थांबविण्यात आली, कारण लाभ तर नव्हताच, धोका वाढलेला दिसत होता. पुढे टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल तब्बल ७२ टक्क्यांनी चढविले, आणि डिसेंबर २००६ मध्ये पंधरा हजारांहून अधिक रुग्णांवरील ती चाचणी मृत्यू वाढल्यामुळे बंद झाली. त्या औषधाचे स्वतःचे काही दुष्परिणाम होते असे म्हणता येईल. पण २०१२ साली असेही दिसून आले की, ज्यांचे एचडीएल एका जनुकीय फरकामुळे जन्मतःच ५.५ मिलिग्रॅमने अधिक असते, त्यांना हृदयविकाराचा झटका इतरांहून कमी येत नाही. एलडीएलविषयी असे म्हणता येत नाही. ते कारण आहे, याचे पुरावे भक्कम आहेत. परंतु ज्या एचडीएलवर आपल्या प्रबंधिकांतील बहुतेक तारका उमटलेल्या असतात, ते बहुधा कारण नसून खूण आहे.

मग लिंगभेद व धूम्रपान यांचा संबंध नाही काय? आहे, आणि तो या तक्त्यापेक्षा खोल आहे. धूम्रपानामुळे स्त्रीसंप्रेरकाचा शरीरातील निचरा निराळ्या मार्गाने व अधिक वेगाने होतो, हे १९८६ पासून ज्ञात आहे. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची ऋतुनिवृत्ती सरासरीने एक ते दोन वर्षे लवकर येते. एलडीएलची जी चढ ऋतुनिवृत्तीभोवती एकवटलेली असते, ती म्हणजे त्यांच्या वाट्याला तेवढी लवकर येते. धूम्रपान येथे मेदद्रव्यांवर स्वतः घाला न घालता, काळाच्या मार्गाने घालते. २०११ मधील, सुमारे २४ लक्ष व्यक्तींच्या आधारे केलेल्या विश्लेषणानुसार धूम्रपानाने हृदयविकाराचा धोका ज्या पटीने वाढतो, ती पट स्त्रियांत पुरुषांहून २५ टक्क्यांनी अधिक आहे. ज्यांना ‘निसर्गतः संरक्षित’ म्हटले, त्यांचेच नुकसान अधिक.

आता आपल्या घरची गोष्ट. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार भारतात १९ टक्के पुरुष व २ टक्के स्त्रिया धूम्रपान करतात. दोनशे स्त्रियांचा नमुना घेतला तर धूम्रपान करणाऱ्या चार मिळतील. चार जणींची सरासरी काढून तिच्यापुढे प्रमाण विचलन लिहिणे हा सांख्यिकीचा उपयोग नव्हे, तिची विटंबना होय. ही चौकट रिकामी राहते म्हणून मग पुष्कळदा धूम्रपान करणारे पुरुष व न करणाऱ्या स्त्रिया यांचीच तुलना होते, आणि कोणता फरक लिंगाचा व कोणता विडीचा हे देवालाही सांगता येणार नाही अशी अवस्था होते.

पण खरी अडचण याहून पुढची आहे. त्याच पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के आहेत. आपल्याकडे तंबाखू ओढली जाते त्याहून कितीतरी अधिक ती मळली, चघळली व लावली जाते. तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली मशेरी सकाळ-संध्याकाळ, काही घरांत दिवसातून चार-पाच वेळा, हिरड्यांना लावणारी बाई कोकणात, देशावर व मुंबईच्या चाळींत कोणी पाहिलेली नाही? ‘विडी-सिगारेट ओढता का?’ या प्रश्नास ती ‘नाही’ म्हणते, आणि ते पूर्ण सत्य असते. प्रश्नावलीत तिच्यापुढे ‘धूम्रपान न करणारी’ अशी खूण होते. तिच्या रक्तातील निकोटिन मात्र त्या खुणेला विचारून चढत-उतरत नाही. अशा स्त्रियांना शुद्ध तुलनागट समजून त्यांच्याशी विडी ओढणाऱ्या पुरुषांची तुलना केली, तर धूम्रपानाचा परिणाम आहे त्याहून लहान दिसण्याचा संभव असतो, आणि मशेरीचा तर दिसणारच नाही. ५२ देशांत झालेल्या अभ्यासाच्या आधारे २००६ साली तंबाखूविषयी जे प्रसिद्ध झाले, त्यात केवळ तंबाखू चघळणाऱ्यांत हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता २.२३ पट व केवळ विडी ओढणाऱ्यांत २.८९ पट आढळली. या दोन आकड्यांतील अंतर फार नाही. आपल्या प्रश्नावलीत मात्र एकाला रकाना आहे, दुसऱ्याला नाही.

अठ्ठेचाळीस वर्षांची, मशेरी लावणारी एखादी बाई डोळ्यांपुढे आणावी. एचडीएल ५६, एलडीएल ११०, सर्व आकडे मर्यादेत. अहवालाच्या कागदावर काहीही ठळक अक्षरांत छापलेले नाही, म्हणून तिला ‘सारे ठीक आहे’ असे सांगून परत पाठविले जाते. दोन वर्षांत तिचे एलडीएल चढावयाचे आहे. तंबाखूविषयी तिला कोणी विचारलेले नाही, कारण ती स्त्री आहे. आणि अहवालातील आकडे चांगले आहेत, कारण त्या आकड्यांचे तंबाखूच्या खऱ्या कामाशी नाते दूरचे आहे.

अशा प्रबंधिका लिहू नयेत असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे नाही. आपल्या लोकांच्या रक्ताची मोजमापे आपणच घेतली पाहिजेत. ती दुसरे कोणी घेणार नाही. परंतु पुढील वर्षी जो विद्यार्थी हा विषय घेऊन येईल, त्याने नमुन्यातील प्रत्येक स्त्रीची ऋतुनिवृत्ती झाली आहे किंवा नाही व केव्हा झाली हे लिहून आणावे. तंबाखूचा प्रकार, दिवसातील वेळा व किती वर्षे हे विचारावे, आणि विचारताना ‘मशेरी’ हा शब्द उच्चारावा. मद्याची नोंद करावी. एलडीएल मोजले की काढले ते सांगावे. आणि स्त्रियांच्या धूम्रपानाची चौकट रिकामी निघाली तर ती तशीच, रिकामी, छापावी.